खोकं उचलायची एकच पद्धत

बावीस वर्षं मी खोकी उचलली. त्यातली एकवीस वर्षं चुकीची उचलली, हे मला शेवटच्या वर्षी समजलं. तोवर माझी आपली भाबडी समजूत, की खोकं खाली होतं ते वर गेलं म्हणजे उचललं. अडाणीपणा, दुसरं काय.

समजावणारे गृहस्थ आमच्या गोडाऊनला सुपरवायझर म्हणून आले. साकीनाक्याच्या आत, गल्लीतल्या गल्लीत, आमच्या शेठचा शाळेच्या वह्यांचा धंदा. वह्या सुट्या यायच्या. आम्ही अठरा बायका त्या डझनाने खोक्यात भरायचो, चिकटपट्टी मारायचो आणि भरलेलं खोकं जमिनीवरून उचलून बाजूच्या लाकडी चौकटीवर रचायचो. त्या चौकटीला पॅलेट म्हणतात. पॅलेट भरलं की माणसं येऊन गाडीवरून ओढून न्यायची. एक खोकं बारा-तेरा किलोचं, आणि दिवसाला शंभर-सव्वाशे. मोजायला सोपं म्हणून सांगते, उचलायला नाही.

हे गृहस्थ त्याआधी मुलुंडकडच्या एका मराठी शाळेत पी.टी. शिकवायचे. मुलं इंग्रजीकडे गेली, एकेक वर्ग बंद झाला, आणि सावधान म्हणायला समोर कुणी उरलं नाही तेव्हा मास्तर आमच्याकडे आले. नाव होतं त्यांना, पण आम्ही पहिल्या दिवसापासून मास्तरच म्हणालो. त्यांनी हरकत घेतली नाही. उलट जरा ताठ झाले. म्हणजे आधीच ताठ होते, त्यावर आणखी.

पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, आणि कमरेत वाकायचं नाही असा नेम. पेन खाली पडलं तर आपण वाकतो की नाही? मास्तर सरळ उभेच्या उभे खाली जायचे, पेन घ्यायचे आणि उभेच्या उभे वर यायचे. आमच्या गोडाऊनला लिफ्ट नव्हती. ती उणीव मास्तरांनी भरून काढली.

पहिल्या दिवशी अर्धा तास हात मागे बांधून आम्हाला बघत राहिले. मग शिट्टी वाजवली.

"थांबा. हे काय चाललंय?"

रेश्मा आमच्यात सगळ्यात लहान, पंचविशीची, सरळ पोरगी; ती एकटी त्यांना सर म्हणायची. ती म्हणाली, "पॅकिंग, सर."

"अठरा बायका आणि अठरा तऱ्हा. ह्याला पॅकिंग म्हणतात? ह्याला जत्रा म्हणतात. उद्या पाठ गेली की मला सांगायला येऊ नका."

"तुमका कित्याक सांगू?" मागून काकी बोलली. "तुमी काय डॉक्टर?"

ही काकी आमच्यात सगळ्यात मोठी. अठ्ठावन्नची, कणकवलीकडची, वाकोल्याला दहा बाय दहाच्या खोलीत एकटी राहणारी. नवरा गेल्यावर गावच्या दिराने मोठं मन करून तिला जागा देऊ केली होती. घरात नाही, पडवीत. बकऱ्यांच्या शेजारी. त्याच दिवशी काकीने ट्रंक उचलली ती थेट मुंबईत आणून ठेवली. ही नोकरी होती म्हणून खोली होती, आणि खोली होती म्हणून पडवी नव्हती. इतकं सरळ गणित. ती म्हणायची, "त्या पडवीत परत गेलंय तर माझी राख जायत, मी नाय."

आणि काकीचं खोकं उचलणं. ते म्हणजे मास्तरांच्या डोळ्यातलं कुसळ. एक खोकं सरळ उचलेल, दुसरं मांडीवर टेकवून, तिसऱ्याला गुडघ्याने ढोसेल, चौथं वळता वळता कडेवर पोर घ्यावं तसं घेईल. कधी उजवा पाय पुढे, कधी डावा. कधी खोकं पायाने सरकवत पॅलेटपर्यंत नेईल आणि तिथे एकदाच उचलेल. सकाळची तऱ्हा निराळी, जेवणानंतरची निराळी. पाच वाजता ती काय करायची ते नाव ठेवण्यापलीकडचं होतं. पण खोकी आमच्याइतकीच व्हायची, दोन जास्तच.

मास्तरांचं एक वाक्य होतं: चुकायला हजार वाटा, बरोबरला एकच. ते दिवसातून हजार वेळा नाही, पण वीसेक वेळा तरी ऐकायला मिळायचं. दुसरं वाक्य: शरीर म्हणजे वर्ग, त्याला मॉनिटर हवा. तिसरं ते बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे, आणि ते सगळ्यात जास्त लागायचं.

तर त्या एका वाटेवर आम्हाला आणायचं म्हणून मास्तरांनी एका रविवारी येऊन गोडाऊनची जमीन रंगवली. सोमवारी बघतो तर प्रत्येक टेबलाशी दोन पिवळी पावलं. त्यांच्यावरच उभं राहायचं, इकडे तिकडे नाही. पावलं कुणाच्या मापाची? तर मास्तरांच्या. नऊ नंबर. स्वतःचे पाय जमिनीवर ठेवून खडूने कडा काढल्या होत्या. माझं पाऊल त्यात परातीत पुरी ठेवल्यासारखं दिसायचं. रेश्माने विचारलं, "सर, दोन पावलांत एवढं अंतर, माझे पाय फाकतात." मास्तर म्हणाले, "सवय होईल." पायांना होते हो सवय. पायांचं काय, ते बिचारे कधी उलट बोलत नाहीत.

मग कवायत. रोज सकाळी पंधरा मिनिटं, रिकाम्या खोक्यांवर. एक म्हटलं की गुडघे. दोन म्हटलं की पकड. तीन, श्वास. चार, वर. सांगायला किती सोपं. पण आमची टेबलं दोन रांगांत, आम्ही पाठीला पाठ करून उभ्या, मध्ये वीतभर जागा. मास्तरांनी पहिल्या दिवशी "एक" म्हटलं आणि दोन्ही रांगा एकदम खाली गेल्या. गुडघे वाकवून पाठ ताठ ठेवली की बाईमाणसाचं काय मागे जातं, हे पी.टी.च्या पुस्तकात लिहिलेलं नसावं. नऊच्या नऊ जोड्यांची टक्कर झाली. माझ्यामागे काकी होती. मी तोंडावर खोक्यात गेले आणि ती हसून हसून खाली बसली ती उठेना.

"गो बाये, दोन म्हणाच्या आधीच माझी पकड सुटली."

मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एका रांगेला एक शिट्टी, दुसऱ्या रांगेला दोन. आमच्यासारख्या अठरा जणींसाठी हा माणूस घरी बसून इतका विचार करत होता, ह्याचं मला खरंच कौतुक वाटायचं. त्यांच्या घरच्यांची दया पण यायची.

असं नका समजू की हे फक्त आमच्याच वाट्याला होतं. चहावाल्याला त्यांनी किटली धरायचं शिकवलं; त्या दिवशी निम्मा चहा माझ्या साडीवर. वॉचमनला खुर्चीत बसायचं शिकवलं, मग तो उभाच राहायला लागला. गोडाऊनमध्ये दीड दिवसाचा गणपती बसायचा. आरती झाल्यावर मास्तर मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहिले. आम्हाला वाटलं काही मागतायत. मग हळूच म्हणाले, "एक पाय दुमडून एक खाली सोडायचा, आणि वर एवढं पोट. मणक्याला बरं नाही हे."

काकी म्हणाली, "मास्तर, तो उद्यापर्यंतच बसतलो हा."

पण नियम म्हणजे नियम, आणि तो स्वतःलाही, एवढं त्यांचं मानायला हवं. उशीर झाला की दहा मिनिटं गेटबाहेर उभं राहायचं, हा त्यांनीच काढलेला कायदा. एकदा घाटकोपरला रिक्षा मिळाली नाही आणि मास्तर चार मिनिटं उशिरा आले. आम्ही आतून बघतोय, तर हे गेटबाहेर उन्हात घड्याळ बघत उभे. दहाच्या दहा मिनिटं. शेठची गाडी आली, शेठने काच खाली केली, "अरे मास्टर, अंदर आओ ना." मास्तर म्हणाले, "अजून साडेतीन मिनिटं आहेत." शेठ गुजराती माणूस. त्याला साडेतीन कळलं, बाकी काही कळलं नाही.

एकदा दुपारी चहाला त्यांच्या बाजूला बसायची वेळ आली माझ्यावर. सगळ्या दूर सरकल्या, मी राहिले. बोलायचं काय? मी विचारलं, "मास्तर, हे उचलण्याचं तुमच्या डोक्यात कुठून आलं?" मला वाटलं पुस्तकाचं नाव सांगतील.

ते म्हणाले, "वडील गिरणीत होते. कापडाच्या गाठी उचलायचे. बेचाळिसाव्या वर्षी पाठ गेली. मग एकवीस वर्षं दहिसरच्या खोलीत पडून. मी शाळेतून आलो की त्यांना कुशीवर वळवायचो." कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, कोपर अंगाला लावून, पद्धतीप्रमाणे. "कुणी सांगितलं नाही हो त्यांना. एक माणूस हवा होता, गाठीजवळ उभा राहून सांगणारा. बास. एक."

मी चहा संपवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी पिवळ्या पावलांवरून हलले नाही. दुसऱ्या दिवशी हलले, ते सोडा.

मार्चपासून आमचा हंगाम. जूनला शाळा उघडायच्या, त्याआधी सगळी खोकी दुकानांत हवीत. त्याच दिवसांत शेजारच्या गोडाऊनमधल्या एका बाईची पाठ धरली आणि तिचे भाऊ चार माणसं घेऊन तिथल्या मालकाकडे गेले. आमच्या शेठने ते खिडकीतून बघितलं आणि त्याला आमच्या तब्येतीची एकदम काळजी वाटायला लागली. मास्तरांना बोलावलं. शेठचं केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा; आत शिंकलं तरी बाहेर आम्ही देवाचं नाव घ्यायचो.

"मास्टर, कौन कौन गलत उठाता है, मेरे को लिस्ट दे दो. महिने के आखिर में. उनको घर बिठा देंगे. मेरे को लफडा नहीं मांगता."

"देतो," मास्तर म्हणाले. "एक नाव तर आत्ताच माहीत आहे."

ते नाव आम्हालाही माहीत होतं. काकी पट्टी मारत होती, तिचा हात थांबला नाही, पण पट्टी वाकडी गेली. मी बावीस वर्षांत तिची पट्टी वाकडी गेलेली तेवढीच बघितली.

मी मास्तरांना गेटपाशी गाठलं. "मास्तर, तिचं नाव नका लिहू. तिला खोली सोडावी लागेल."

"अहो, मी तिला वाचवतोय. ज्या दिवशी पाठ जाईल त्या दिवशी कोण बघणार तिच्याकडे?"

"पाठ वाचेल, मास्तर. काकी नाही वाचायची."

त्यांनी तिसरं वाक्य उच्चारलं. म्हणजे मान हलवली.

आता इथे ती मुलगी येते. फिजिओथेरपीचं शिकत होती, शेवटच्या वर्षाला. एकच ओझं पुन्हा पुन्हा उचलताना माणूस दर वेळी कसा उचलतो, हे तिला बघायचं होतं, आणि शेठच्या ओळखीतून ती आमच्याकडे आली. बरोबर कॅमेरा, कॉम्प्युटर आणि टिकल्यांसारख्या चमकत्या चिकट्या. त्या खांद्याला, कोपराला, कमरेला, गुडघ्याला, घोट्याला लावायच्या. मग आपण चाळीस खोकी उचलायची. कॅमेरा नुसत्या चिकट्या बघतो, आणि प्रत्येक उचलण्याची कॉम्प्युटरवर एक रेघ काढतो. चाळीस खोकी, चाळीस रेघा, एकावर एक.

मास्तरांना तर दिवाळी. एवढी वर्षं ते ज्याची वाट बघत होते, ते यंत्र रिक्षातून साकीनाक्याला आलं होतं. ते शेठला म्हणाले, "आता लिस्ट माझी नको, ह्या यंत्राची घ्या. यंत्र कुणाचं तोंड बघत नाही." शेठ हो म्हणाला. त्या मुलीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती बिचारी आमच्या दंडांवर टिकल्या लावत, "काकू, गुदगुल्या होतायत का?" विचारत होती.

पहिली रेश्मा. मास्तरांची लाडकी विद्यार्थिनी. पिवळ्या पावलांवर उभी राहिली, एक दोन तीन चार, चाळीस वेळा. झाल्यावर मुलीने कॉम्प्युटर फिरवला. चाळीस रेघा कुठल्या दिसतायत? एकच जाड रेघ, पेनाने गिरवल्यासारखी. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना तेवढं सुखी कधी पाहिलं नाही.

रेश्मा उभ्या उभ्या कंबर दाबत होती. मुलगी म्हणाली, "दुखतंय का?"

"थोडंसं. इथे, एका जागी. होळीच्या आधीपासून."

"सांगितलं का नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"सर, तुम्ही म्हणाला होतात ना, बरोबर उचललं की दुखत नाही." रेश्मा खाली बघून बोलत होती. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकत असणार. म्हणून मी अजून नीट करत होते."

मास्तरांचा चष्मा हातातच राहिला.

मग काकी. तिने जाताना माझ्याकडे बघितलं, आणि मला तिच्या डोळ्यांत ती पडवी दिसली. पहिली सात-आठ खोकी तिने देवाचं नाव घेत मास्तरांच्या पद्धतीने उचलली. इतकी वाईट उचलली म्हणून सांगू. पाय फाकलेत, श्वास कोंडलाय. मग त्या मुलीने सहज विचारलं, "काकू, गाव कुठलं तुमचं?" झालं. काकी कणकवलीच्या बाजारात पोचली, तिथून आंब्यांच्या भावावर, तिथून मुलीचं लग्न ठरलं का ह्यावर, आणि खोकी आपली गुडघ्यावरून, मांडीवरून, कडेवरून वर चालली.

रेघा बघितल्या. रांगोळी काढून झाल्यावर मांजर आडवं गेलं तर कसं दिसेल, तसं.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "ह्यांना गुण किती?"

"गुण?" मुलगी म्हणाली.

"बरोबर किती, चूक किती."

"सर, माझ्या तक्त्यात बरोबर असा रकानाच नाही. मी फक्त एवढंच बघते, की एकाच माणसाचं एक उचलणं दुसऱ्यापेक्षा किती वेगळं असतं."

"पण ह्यातलं चांगलं कुठलं?"

"तेच अजून कळायचंय." मग ती काकीकडे वळली. "काकू, तुमची पाठ दुखते?"

"पाठ? गुडघो दुखता माझो. पाठ कित्याक दुखतली?"

मुलगी जरा विचार करून बोलली. कदाचित काकींचं शरीर भार वाटून देत असेल, म्हणाली. आत्ता ह्या जागेला, मग त्या जागेला, म्हणून एकच जागा दमत नसेल. कदाचित. चाळीस खोक्यांवरून असं ठरवता येत नाही, आणि काकींनी गुडघाही दाखवायला हवा. एवढं शिकलेली पोरगी, पण दर वाक्याला कदाचित. मास्तर कधीच कदाचित म्हणत नसत. बहुतेक म्हणूनच सुपरवायझर ते होते.

मास्तरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "मला लावा त्या चिकट्या."

आम्ही अठरा जणी हातातलं काम टाकून गोळा झालो. शिट्टी त्यांनी काढून खिशात ठेवली आणि स्वतःच मोठ्याने मोजत खोकी उचलायला लागले. पहिली दहा, खरं सांगते, चित्रासारखी. मी इतकी सरळ पाठ देवळाच्या खांबाची पण बघितली नाही. पंधराच्या पुढे आवाज तसाच राहिला, एक दोन तीन चार, पण खोकं कधी तीनलाच वर जायचं, कधी पाचला. त्यांना ते कळत नव्हतं. आम्हाला कळत होतं आणि आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो. सत्ताविसाव्या खोक्याला मास्तरांनी गुडघ्याने ढोसलं. अगदी काकी ढोसते तसं.

कुणी हसलं नाही. बाराही महिने ज्या क्षणाची वाट बघावी तो आला, आणि हसायला कुणाचं तोंड उघडलं नाही.

मुलीने कॉम्प्युटर फिरवला. खराटा. काड्या सुटलेला खराटा.

"हा मी?"

"हो, सर."

"मी मोजत होतो."

"मोजत होतात, सर. मी ऐकलं."

त्यांनी पुन्हा दाखवायला लावलं. मग तिसऱ्यांदा. सत्ताविसाव्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं आणि तिथेच ठेवलं. "मला कुणी शिकवलं नाही हे."

"कुणालाच शिकवत नाहीत. शरीर आपणच शोधून काढतं."

"म्हणजे गाठीजवळ सांगणारा उभा असता, तरी..." मास्तरांचं बोट अजून त्या रेघेवरच होतं.

मुलीला कळलं नाही ते कुणाबद्दल बोलतायत. ती म्हणाली, "सॉरी सर, मला नक्की नाही सांगता येणार." मला कळलं होतं. मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरची टिकली काढली. ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मास्तर लिस्ट घेऊन केबिनमध्ये गेले. आम्ही सगळ्या प्लायवूडला कान लावून काम करत होतो. कामच करत होतो, फक्त हात हलत नव्हते. काकीने सकाळीच मला सांगून ठेवलं होतं, खोलीवाल्याला काय सांगायचं, गॅसचा सिलिंडर कुणाला द्यायचा.

आतून शेठचा आवाज. "मास्टर, ये क्या है? पूरा गोडाऊन लिख के लाया?"

"तुम्ही विचारलंत कोण चुकीचं उचलतं. हे सगळे चुकीचं उचलतात."

"अठरा नाम है."

"सतरा बायका आणि एक मी. रेश्मा नाहीये त्यात. ती बरोबर उचलते. तिचं नाव खाली लिहिलंय, पाठ दुखते, पंधरा दिवस विश्रांती द्या म्हणून."

"जो बराबर उठाती है उसको छुट्टी?"

"हो."

"और पहला नाम तेरा?"

"सगळ्यात जास्त चूक माझी. यंत्राचा कागद जोडलाय."

आतून कागद उलटल्याचा आवाज आला. पुढच्या आठवड्यात किती ट्रक लागायचे होते ते शेठला तोंडपाठ. सतरा बायका घरी बसवल्या तर वह्या कोण भरणार, ह्याचा हिशोब त्याने तेवढ्यात केला असणार. शेठ कसाही असो, मूर्ख नव्हता. लिस्टमध्ये असं एकच नाव होतं जे एकही खोकं भरत नव्हतं.

"ठीक है," तो म्हणाला. "पहले नाम को घर बिठाता हूं. बाकी का बाद में देखेंगे."

ते बाद में अजून उगवलेलं नाही. मी रिटायर होऊन घरी बसले, काकी अजून जाते.

रेश्माचं म्हणणं, मास्तरांनी काकीसाठी केलं. मला नाही पटत. कुणाला वाचवायला खोटं लिहील असा तो माणूस नव्हता, आणि खरं लिहून आपण बुडू म्हणून थांबेल असाही नव्हता. त्यांना विचारलं होतं ते त्यांनी लिहिलं. आता अशी माणसं नोकरीला ठेवून कुणाचा धंदा चाललाय, सांगा.

मास्तर त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी दुपारी काकीच्या टेबलाशी आले. वर्षभरात पहिल्यांदा हातात वही नव्हती.

"काकी, मला दाखवा."

"काय दाखवू?"

"कसं उचलता ते."

"माका काय म्हायत? मी उचलतंय." तिने एक खोकं धरलं, अर्ध्यावर आणलं, थांबली, परत ठेवलं. पुन्हा धरलं. पाय कुठला पुढे टाकायचा तेच तिला आठवेना. वैतागून म्हणाली, "तुमी असे बघत रवलात तर हात चलाचे नाय माझे."

मास्तरांनी थोडा विचार केला. मग काकीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हात मागे बांधून. वर्गात एखाद्याला शिक्षा करतात तसे.

काकीने एक उचललं. दुसरं. मग लागलीच ती. मास्तर भिंतीकडे बघत नुसते ऐकत होते. काय ऐकायचं असतं त्यात? खोक्याचं घासणं, काकीचा श्वास, मांडीवर टेकल्याचा एक दबका आवाज, कधी तोही नाही. अर्धा तास तरी उभे असतील. पॅलेट भरत आलं, वर शेवटच्या एका खोक्याची जागा राहिली.

काकी खाली बसली. "मास्तर, आता माझो गुडघो बोलता हा. ता येक तुमी ठेवा बगया."

मास्तर वळले. खोक्यापाशी आले, आणि तसेच उभे राहिले. पाय कुठे ठेवायचे ते ठरवत असावेत. हात पुढे गेले, परत आले. एवढा वेळ मी कुणाला खोक्याकडे बघत उभं राहिलेलं पाहिलं नाही.

काकीने आमच्याकडे एक नजर टाकली, नुसती. आम्ही सगळ्याजणी मुकाट वळलो आणि आपापल्या टेबलाकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने बघितलं, तर खोकं जागेवर होतं. कसं उचललं ते मात्र मला विचारू नका. आमच्यापैकी कुणीच बघत नव्हतं.